गाडी आत, तर आर्क बंद

आमच्या शेडच्या दारावर पत्र्याची पाटी आहे. पिवळ्या ऑइलपेंटवर काळी अक्षरं, आणि खालीखाली ती बारीक होत गेलेली, कारण पाटी रंगवली तेव्हा नियम थोडे होते, पुढं वाढत गेले. पहिली ओळ अशी: ‘गाडी आत असताना आर्क मारायचा नाही.’ आर्क म्हणजे विजेवरचं वेल्डिंग. नवा माणूस ही ओळ वाचून हमखास हसतो. गाड्यांच्या शेडमध्ये वेल्डिंग नाही, मग करायचं कुठं?

इचलकरंजीकडच्या काही मंडळींना अशीच सामाईक शेड काढायची आहे. त्यांनी आमचे नियम मागितले, मी पाटीचा फोटो पाठवला. ‘काकू, यावरून काही बोध होईना’ असा निरोप आला. खरं आहे. पाटीवर नियम मावतात, त्यांची कारणं मावत नाहीत. म्हणून हे लिहायला बसले.

आधी शेडबद्दल. सांगलीजवळ माधवनगरच्या बाजूला एक जुनं हळदीचं गोदाम आहे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. पाणी उतरलं तेव्हा गावभागात दारोदारी चिखलानं भरलेल्या मोटरसायकली उभ्या होत्या आणि मेकॅनिकला फोन लागत नव्हता. हे गोदाम कोरडं राहिलेलं, रिकामंच होतं. मालकांनी किल्ली दिली, ज्याच्याकडं जे पाने, जॅक, पंप होते ते त्यानं आणले. तिथं सगळ्यांनी पहिली गोष्ट शिकली ती ही, की भिजलेल्या गाडीला किक मारायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. आधी प्लग काढायचा, पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं, मग किक. महिनाभरानं गाड्या गेल्या, माणसं मात्र येत राहिली. वर्गणी सुरू झाली. वेल्डिंगचं मशीन आलं, ग्राइंडर आले, ड्रिल आलं, आणि भांडणं आली.

मी वेल्डर नाही. कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीच्या स्टोअरला माझी नोकरी झाली. टाके मारता येतात, खिडकीची ग्रिल जमते, पातळ पत्र्याला अजून भोक पडतं. तरी किल्ली आणि वही माझ्याकडं आहे, कारण स्टोअरच्या माणसाला चेहरा बघून माल द्यायची सवय नसते. स्लिप असेल तर बेअरिंग मिळेल, नसेल तर साहेब असाल तरी थांबा. हा स्वभाव घरी फार उपयोगाचा नाही. शेडला आहे.

आता ती पहिली ओळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि सखल जागी साचते. आमच्या गोदामात जुन्या वजनकाट्याचा खड्डा आहे. तोच आम्ही गाडीखाली उतरायला वापरतो. म्हणजे वाफेला बसायला आम्ही आयती जागाच करून ठेवली आहे. शिवाय पेट्रोलची वाफ व्हायला ऊन लागत नाही, थंडीच्या दिवसातही ती निघत असते. कार्ब्युरेटर उघडला, फ्युएल पाइप काढला, नुसतं टाकीचं झाकण सैल राहिलं, तरी एवढं पुरतं. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असंही नाही. माणसाचं नाक थोड्या वेळानं त्या वासाला सरावतं.

सुरुवातीला आम्ही अंतराचा नियम केला होता. गाडी या भिंतीला, वेल्डिंग त्या भिंतीला, मध्ये पडदा. तो टिकला नाही. अंतर कोण मोजणार? ग्राइंडरच्या ठिणग्या तर पडद्याखालून गेल्या आणि एका गाडीच्या पुढच्या काचेत रुतून बसल्या. तापलेला लोखंडाचा कण काचेला नुसता चिकटत नाही, तिथं काच वितळवून आत बसतो. दुसऱ्या दिवशी काचेवर हात फिरवला तर पॉलिशपेपर. म्हणून अंतर सोडलं आणि वेळ धरली. सकाळी उघडल्यापासून एकपर्यंत गाड्या. एक ते तीन गाड्या ढकलून अंगणात, दोन्ही दारं उघडी, खड्ड्यात पंख्याचा वारा, फरशीवर सांडलेलं पुसून चिंध्या झाकणाच्या डब्यात. तीननंतर आर्क. वेळ घड्याळात दिसते, त्यामुळं वाद घालता येत नाही. ज्यांना शेड काढायची आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हेच राहील.

गाडीलाच वेल्डिंग करायचं असेल तर? सायलेन्सरचा ब्रॅकेट, कॅरिअर, फूटरेस्ट, असं काम असतंच. सुटं करून आणा. सुटं होत नसेल तर गाडी अंगणात, टाकी उतरवलेली, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, आणि अर्थचा चिमटा जिथं झाळायचं तिथंच जवळ. चिमटा मागच्या चाकाला आणि टाका पुढच्या फोर्कला असं केलं की करंट वाटेतल्या बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्या गोळ्यांवर डाग पाडतो. बॅटरीची तार तशीच ठेवली तर आजकालच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचं ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जाऊ शकतं, आणि त्याची किंमत ऐकून माणूस नियम जन्मात विसरत नाही.

टाकीला वेल्डिंग नाही. रिकामी असो, धुतलेली असो, उन्हात वाळवलेली असो. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. ‘पाणी भरून करतो की काकू, आमच्या गावात असंच करतात.’ करत असतील. आमच्या छपराखाली नाही.

शेवटचा टाका मारल्यावर एक तास कुणीतरी बसून राहायचं, आणि वहीत सही करूनच कुलूप लावायचं. या नियमाला सगळ्यात जास्त नाकं मुरडली गेली. अर्ध्या तासावर आणा म्हणून सह्यांचा कागद फिरला होता. मग एकदा संध्याकाळी फळ्यांच्या मागं पडलेलं जुनं बारदान आतल्या आत धुमसत होतं. काम संपून बराच वेळ झालेला. ज्वाळा नाही, धूरही धड नाही, नुसता जळका वास. राखणीला बसलेल्या पोराला तो वास आला म्हणून निभावलं. सह्यांचा कागद पुन्हा कुणी काढला नाही.

गाड्यांचे नियम वेगळ्या जातीचे आहेत. तिथं आग नसते, माणसं असतात. सामाईक शेडला सगळ्यात मोठा धोका कुठला म्हणाल, तर खोलून ठेवलेली गाडी. इंजिन पोत्यात, चाकं एकीकडं, मालक पुण्यात. तिची जागा अडते, मग तिच्यावर कुणीतरी टूलबॉक्स ठेवतं, कुणी ओलं फडकं वाळत घालतं, आणि पाहता पाहता ती भिंतीचाच भाग होते. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीला पुठ्ठ्याचं लेबल बांधतो: नाव, काम, आत आल्याची तारीख, बाहेर जायची तारीख. पंधरा दिवस. विचारलंत तर आणखी पंधरा, ते एकदाच. त्यानंतर गाडी अंगणात आणि दिवसाचं भाडं. आणखी एक अट: रात्री शेड बंद होताना गाडी स्वतःच्या चाकांवर ढकलता आली पाहिजे. एक चाक काढलं असेल तर ते तात्पुरतं बसवून जा. आग लागली तर चार विटांवरची गाडी कोण उचलणार?

एक प्रीमियर पद्मिनी आली होती. वडिलांची गाडी, वडील गेलेले, मुलगा दर रविवारी यायचा, तासभर बॉनेट उघडून उभा राहायचा आणि काही न करता जायचा. पंधरा दिवस झाले, आणखी पंधरा झाले. ‘असू द्या हो त्याची’ असं सगळेच म्हणायला लागले. मी बाहेर काढायला लावली. ताडपत्री मात्र माझ्या घरची घातली आणि भाडं वहीत लिहायला विसरले. स्टोअरमध्ये असं विसरता येत नसे.

आरसी बुकाची झेरॉक्स नसेल तर गाडी आत नाही. भंगारात वजनावर घेतलेली जुनी बजाज एम-एटी घेऊन पोरं येतात, ‘पेपर नंतर देतो’ म्हणतात. नंतर म्हणजे कधी नाही. चेसिस नंबर जिथं ठोकलेला आहे तिथून वीतभर अंतरात ग्राइंडर चालवायचा नाही, गंज कितीही असो, वायरब्रशनं हातानं घासा. नंबर पुसलेली गाडी आमच्या शेडमधून बाहेर पडली तर उत्तर द्यायला मी, कारण वहीत सही माझी. जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, आधाराला लोखंडी घोडी लावा, हे तर सांगायलाही नको. तरी सांगावं लागतं.

वेल्डिंगकडं परत येते. तासगाव, पलूसकडून पोरं पॉलिहाऊसच्या जुन्या पाइपा घेऊन येतात. भंगारात स्वस्त मिळतात, सरळ असतात, गंज नसतो. गंज नसतो कारण त्या जीआय असतात, वर जस्ताचा थर. जस्त 907 अंशांना उकळतं, लोखंड वितळायला त्याहून कितीतरी जास्त ताप लागतो, म्हणजे आर्क पडला की आधी जस्ताचाच पांढरा धूर. त्या वेळी काही होत नाही. रात्री थंडी वाजून ताप येतो, अंग मोडतं, तोंडाला धातूची चव येते, आणि एक-दोन दिवसांत सगळं आपोआप उतरतं. मग माणूस म्हणतो, व्हायरल होता. जुने लोक गूळ खायला देतात, कुणी दूध देतं. गुळाला माझा विरोध नाही, आपल्याकडं तो काय कमी आहे? पण गूळ खाल्ल्यानं फुप्फुसात गेलेला धूर परत येत नाही. आमचा नियम: जीआय पाइप आत झाळायची नाही. लिंबाखाली, वारा पाठीशी घेऊन, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढून. घासताना मास्क.

डोळ्यांचंही असंच. काळी काच न लावता ‘एकच टाका’ मारणाऱ्याला तेव्हा काही कळत नाही. मध्यरात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं आणि घर जागं होतं. आपल्याकडं याला वेल्डिंग लागलं म्हणतात आणि बटाट्याची फोड ठेवतात. त्याचा त्रास मारणाऱ्यापेक्षा शेजारी उभं राहून बघणाऱ्यांना जास्त होतो, म्हणून आर्क चालू असताना पडद्याच्या आत दोनच माणसं: करणारा आणि त्याचा मदतनीस, दोघांना काच. शाळेतली मुलं बघायला येतात, त्यांना मी आर्क किंवा ग्राइंडर चालू नसेल तेव्हा बोलावते.

आता ज्या नियमावरून शेड फुटायची वेळ आली होती तो. ‘स्टेअरिंग, ब्रेक, चेसिस, पाटे आणि ट्रॉलीचा हूक, यांना इथं वेल्ड नाही.’

पाटे म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. पण सांगलीत राहून ट्रॉलीच्या हुकाला नाही म्हणायचं म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि पुढचे चार-पाच महिने रस्त्यावर ऊसच ऊस. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. हूक झिजतो, दांडीला चीर जाते, आणि टोळी फडात थांबलेली असते. अशा वेळी माणूस रात्री अकराला फोन करतो. त्याचं चुकत नाही.

आमच्यात एक तात्या आहेत. उभ्या जन्मात वेल्डिंगच केलं. हातात रॉड घेतला की आवाजावरून सांगतात, करंट दोन पॉइंट कमी कर. दहा नंबरचा 6013 रॉड त्यांच्या हातात असा चालतो की खपली स्वतःहून सुटून पडते. या नियमावर ते उठून उभे राहिले. ‘ताई, तीस वर्षं हूक झाळतोय. एक बी तुटून परत आला न्हाई.’

‘तुटला असता तर तुमच्याकडं परत कशाला आणला असता, तात्या? रस्त्यात जो पहिला वेल्डर लागला त्याच्याकडं गेला असता.’

तात्या आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण मुद्दा मला अजून पटतो. वेल्डरला त्याचं बिघडलेलं काम क्वचितच दिसतं. जे टिकलं तेच त्याच्यासमोर येतं, म्हणून अनुभव वाढतो तशी खात्री वाढते, आणि ती खात्री निम्म्याच हिशोबावर उभी असते. फौंड्रीत रोज हेच बघितलं. नवीन पोरगा घाबरत घाबरत सगळं विचारून करायचा. बोटं गेली ती जुन्यांची.

शिवाय वेल्ड वरून बघून कळत नाही. भाकरी वरून छान फुगलेली असते आणि मोडली की मध्ये पीठ. तसाच जोड वरून गुळगुळीत आणि आत मुळाशी लागलेलाच नाही, असं होतं. ग्रिलला ते चालतं, ग्रिल कुठं पळत नाही. पाट्याचं पोलाद तर जास्त कार्बनचं, तापवून पाणी दिलेलं. त्याला आर्क लावला की जोडाच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. जोड टिकतो, शेजारी तुटतं, आणि लोक म्हणतात ‘बघा, वेल्ड नाही तुटला.’ हे काम जमणारी माणसं आहेत, ती आधी तापवून घेतात, योग्य रॉड कोरडा करून वापरतात, हळूहळू निवू देतात. ते त्यांच्या दुकानात, त्यांच्या नावावर होऊ दे. सामाईक शेडचा घोळ असा की काम सगळ्यांचं आणि नाव कुणाचंच नाही. आष्ट्याच्या रस्त्यावर रात्री ट्रॉली सुटली तर मागून येणारा दुचाकीवाला कुणाला विचारणार?

शेवटी मतदान झालं, नियम राहिला. तात्यांनी एक दुरुस्ती मात्र सुचवली आणि ती मला सुचली नव्हती: हूक इथं झाळायचा नाही, पण झिजलेला हूक मोजून द्यायचा. म्हणून भिंतीला नव्या हुकाचं आणि नव्या पिनेचं माप पत्र्यात कापून टांगलं आहे. शेतकरी येतो, आपला हूक त्यात घालून बघतो, केवढी फट आहे ते त्याला स्वतःलाच दिसतं. बरेच जण तिथूनच नवा हूक घ्यायला जातात.

आणि मग जीप. देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून किकवर चालू होणारी छोटी जीप बनवली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. खर्च साठ हजारांच्या आसपास. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ट्विटरवर त्या गाडीचं कौतुक केलं, ती नियमांत बसत नाही हेही तिथंच म्हटलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. 2022 च्या जानेवारीत ती दिली. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून देवराष्ट्रे आधीपासून ठाऊक, आता पोरांना ते जीपचं गाव म्हणून ठाऊक. तेव्हापासून दर सुट्टीत कुणीतरी वहीत ‘प्रकल्पाचे नाव’ या रकान्यात ‘जीप’ लिहितं.

मी अडवत नाही. चौकट जोडताना पोरांना जे कळतं ते ड्रॉइंगच्या तासाला कळत नाही. एक कागद मात्र सही करून घेते: ही गाडी रस्त्यावर जाणार नाही. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52 म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. आणि भंगारातून बनवलेल्या गाडीला तर आरसीच नसते. विमा नाही, मग धडक झाली की वडिलांची जमीन. शेतात चालवा, कॉलेजच्या स्पर्धेत न्या, अंगणात गोल गोल फिरवा. एका पोरानं विचारलं, ‘काकू, लोहारांनी तर चालवली की.’ चालवली, आणि ज्यानं कौतुक केलं त्यानंच आधी ती नियमात बसत नाही म्हणून सांगितलं, हेही वाच म्हटलं.

बाकीचे नियम किरकोळ आहेत. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, लाकूड कापायचं पातं त्याला लावायचं नाही. गॅस कटिंगची नळकांडी ठेवत नाही, तेवढी जागा आणि तेवढी अक्कल दोन्ही नाही. अर्धे रॉड डब्यात टाका, फरशीवर नको, चपलेतून जातात. श्रावणात गणपती मंडळांच्या देखाव्यांच्या चौकटी येतात, त्यांना रात्री दहानंतर वेळ मिळणार नाही, कार्यकर्ते कितीही असोत. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, त्या दिवशी आर्क बंद. हा नियम मी लिहिलेला नाही, पण एवढा काटेकोर दुसरा कुठलाच पाळला जात नाही.

सध्याचा वाद इलेक्ट्रिक स्कूटरचा आहे. पेट्रोल नाही, मग गाडी आत असताना आर्क का नको, असं पोरांचं म्हणणं. तात्यांचं म्हणणं, पेट्रोल विझवता येतं तरी, ती बॅटरी पेटली तर विझल्यासारखी दिसून पुन्हा पेटते. या वेळी तात्या आणि मी एका बाजूला आहोत, त्यामुळं पोरं गडबडली आहेत. रविवारी बैठक आहे. तोवर पाटीच्या तळाशी खडूनं लिहून ठेवलंय: ‘ई-स्कूटरची बॅटरी काढून बाहेरच्या पत्र्याच्या खोक्यात. चार्जिंग शेडमध्ये नाही. फ्रेमला आर्क नाही.’ रंगवायचं की पुसायचं ते बैठकीत ठरेल. पाटीवर जागा मात्र एकाच ओळीची उरली आहे.